तक्ता तिसरा, राजाघाट

दोन खोल्यांत तीन माणसं वर्षानुवर्षं एकत्र राबली की किस्से साठतातच. त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही. कपाटातल्या जुन्या अंकांवर धूळ साठते, तसंच ते! मी नोकरी सोडून इतकी वर्षं झाली, तरी चहाला कुणी आलं की एखादा किस्सा निघतोच, आणि आमचे हे म्हणतात, "झालं, उघडलं हिनं ऑफिस!"

ऑफिस म्हणजे बनारसला दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. गल्ली अशी की सायकलसुद्धा हातात धरून न्यायची. तिथून इंग्रजीत विज्ञानाचं त्रैमासिक निघायचं! सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगतेय. संपादक, मालक, सगळं काही नाना. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेले. एका खोलीत ते आणि मी, दुसऱ्या खोलीत छपाईचं मशीन आणि कंपोझिटर रामधनी. रामधनी चिमट्याने शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून अख्खा अंक जुळवायचा. इंग्रजी वाचता यायचं, अर्थ विचारू नका.

* * *

मी एमएस्सी होऊन घरात बसले होते. आई रोज म्हणायची, नानांना भेटून ये. शेवटी गेले. नानांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, एक हस्तलिखित पुढे केलं. "वाच आणि सांग, कसं आहे."

मी तासभर वाचलं. म्हटलं, "छान आहे."

"छान असायला ते काय श्रीखंड आहे? खरं आहे का ते सांग!"

मी परत वाचायला घेतलं. या वेळी पेन्सिल घेऊन. दोन तासांनी भीत भीत म्हटलं, "नाना, यांनी वीस रोपं लावली म्हणतात आणि निकाल बावीस रोपांचे दिलेत."

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "रामधनी, दुसरी खुर्ची आण!"

हीच माझी अपॉइंटमेंट ऑर्डर. कागदावर कधी मिळालीच नाही.

* * *

आमच्याकडे रोज येणारा चौथा माणूस म्हणजे सतीश. ब्रह्माघाटावरचाच मुलगा, नानांचा विद्यार्थी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. सहा वर्षं कॉलेजात टेंपररी होता. दर जुलैत नेमणूक, दर एप्रिलमध्ये नारळ! कायमची जागा निघायची होती, पण नावावर एक तरी चांगला पेपर पाहिजे होता.

विषय त्याने निवडला होता गंगेच्या पाण्यातल्या ऑक्सिजनचा. दुर्गाघाट, संकठा घाट आणि राजाघाट, तीन ठिकाणचं पाणी, दोन वर्षं. पहाटे होडी घेऊन निघायचा आणि लाकडी पेटीत बाटल्या भरून आणायचा. घाटावरचे पंडे विचारायचे, "का मास्टर, गंगाजल कहाँ भेजत हौ?"

पेपर लिहून त्याने नानांना दिला. नानांना तो मुलासारखा. मला वाटलं, आता छापणारच. नानांनी तीनदा परत केला! एकदा मोजणी कमी म्हणून, एकदा परीक्षकांची शंका म्हणून, आणि एकदा नुसतं, "सत्या, तुला स्वतःला पटलंय का हे?" म्हणून.

सतीश जिन्यातून उतरताना मला म्हणाला, "कुसुमताई, परक्याचा पेपर असता तर लवकर घेतला असता हो यांनी!"

* * *

परीक्षकांचं सांगते. प्रत्येक पेपर दोन जाणकारांकडे जायचा आणि त्यांची नावं लेखकाला कळू द्यायची नाहीत, असा नियम. आता बनारससारख्या शहरात असलं गुपित ठेवायचं म्हणजे कठीण काम. इथे तुमच्या घरी आज काय भाजी आहे तेसुद्धा कोपऱ्यावरच्या पानवाल्याला ठाऊक असतं!

एका लेखकाने असाच बराच तपास करून आपला परीक्षक शोधून काढला. एक वयस्कर प्रोफेसर, अस्सीला राहणारे. हा रोज सकाळी जाऊन त्यांच्या पाया पडायला लागला. कधी फुलं, कधी नुसताच नमस्कार. तोंडाने अवाक्षर नाही, कारण नियम ना!

महिन्याभराने ते प्रोफेसर स्वतः आमच्याकडे आले. म्हणाले, "नाना, एक विचारायचं होतं. रोज सकाळी एक मनुष्य येऊन माझ्या पाया पडतो आणि डोळ्यांत पाणी आणून निघून जातो. बायको घाबरलीय. म्हणते, तुम्हाला काही झालंय आणि मला सांगत नाही!"

पेपर त्यांच्याकडे गेलाच नव्हता. तो होता लखनौला.

* * *

दुसऱ्या एकाने बनारसच्या नामी लंगडा आंब्यांची करंडी पाठवली. नानांनी तासाभरात परत पाठवली. त्याने संध्याकाळी पुन्हा पाठवली, वर चिठ्ठी, "घरच्या झाडाचे आहेत, गैरसमज नसावा." नानांनी पुन्हा परत केली. करंडी उचलणारा हमालच शेवटी वैतागला आणि म्हणाला, "आप लोग फैसला कर लीजिए, हम यहीं बैठे हैं."

रामधनी आशेने करंडीकडे बघत होता. खोलीभर वास सुटलेला! नाना उठले, करंडी हमालाच्या डोक्यावर दिली आणि संकठा देवीच्या देवळात पोचवून आले. पुजाऱ्याने फोडी केल्या आणि येईल त्याच्या हातावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी तो लेखक आला. खूश होता. म्हणाला, "काल संकठाजीला गेलो होतो. काय गोड आंबा होता प्रसादाचा! शुभ लक्षण आहे."

नाना म्हणाले, "हो का? वा!" आणि परत केलेला पेपर त्याच्या हातात दिला.

* * *

आता गुरुजी. खालच्या मजल्यावर राहायचे. घनपाठी वैदिक. वेदाचा एक शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून शब्द उलटसुलट घोळवून म्हणतात, ते लहानपणापासून केलेले. सकाळी आमच्याकडे वर्तमानपत्र वाचायला यायचे.

एके दिवशी नाना आणि मी प्रूफ तपासत होतो. मी हस्तलिखितातला आकडा मोठ्याने वाचायची, नाना प्रूफमध्ये बघायचे. गुरुजींनी थोडा वेळ ऐकलं आणि वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"कुसुम, असं सरळ वाचलंस तर चूक राहणारच. जीभ पुढे पळते आणि डोळा तिच्या मागे."

"मग कसं वाचू?"

त्यांनी कागद ओढून घेतला. इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी आकडे यायचे. मांडी घातली, डोळे मिटले, उघडले आणि सुरू केलं. "सात आठ, आठ सात, सात आठ सहा, सहा आठ सात, सात आठ सहा..." अख्खा तक्ता! मग तो कागद बाजूला ठेवून प्रूफ घेतलं आणि नुसती नजर फिरवली. म्हणाले, "इथे पाच पाहिजे, यांनी तीन केलाय."

रामधनी आतून हात जोडून बाहेर आला. चूक सापडली म्हणून नव्हे. त्याला वाटलं पूजा सुरू झालीय!

तेव्हापासून ठरून गेलं. आकड्यांचा तक्ता असला की गुरुजी म्हणणार, त्याशिवाय पान मशीनवर चढणार नाही. दिल्लीहून एक साहेब आले होते, त्यांनी विचारलं, "तुमची आकडे तपासायची पद्धत काय?" नाना म्हणाले, "वैदिक." साहेबांनी ते गंमत म्हणून घेतलं.

* * *

आणि सतीशचा पेपर शेवटी पास झाला. दोन्ही परीक्षकांनी चांगलं लिहिलं. कायमच्या जागेची मुलाखत पुढच्या महिन्यात होती, त्याआधी अंक निघायला हवा होता. कधी नव्हे ते नानांनी घाई केली. गुरुजी नेमके नाशिकला यज्ञाला गेलेले. मी पहिलं प्रूफ दोनदा वाचलं, बरोबर होतं. अंक निघाला, पोस्टात पडला. सतीशने पेढे आणले. मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी दोघांकडे आमचा अंक नेहमी जायचा, म्हणजे त्यांनी वाचला असणार, म्हणून तो आणखीच खूश.

मुलाखतीला चार दिवस उरले तेव्हा गुरुजी परत आले. सतीशचा पेपर म्हणून कौतुकाने अंक घेऊन बसले आणि तक्ते गुणगुणायला लागले. पहिला दुर्गाघाट. दुसरा संकठा घाट. तिसरा राजाघाट. मध्येच थांबले.

"नाना, हे मी आत्ताच म्हटलं."

"म्हणजे?"

"तिसऱ्या तक्त्यातल्या या आठ ओळी दुसऱ्यात आहेत. जशाच्या तशा."

नानांचा चेहरा पांढरा पडला. दोन घाटांचं पाणी आठ वेळा दशांशापर्यंत सारखं निघत नाही. एखाद्याने आकडे मनाने भरले तरच असं होतं. सतीशही तिथेच बसलेला. तो पिशवीतून आपली वही काढायला लागला.

मी धावत जाऊन मूळ हस्तलिखित काढलं. त्यात राजाघाटाचे आकडे वेगळे होते! सतीशच्या वहीतही वेगळे. माझा जीव भांड्यात पडला. मग रामधनीला हाक मारली. बिचारा रडायलाच लागला. माझं प्रूफ वाचून झाल्यावर तक्त्याच्या आठ ओळी त्याच्या हातून निसटून जमिनीवर पडल्या होत्या. त्याने त्या पुन्हा जुळवल्या, पण पंख्याच्या वाऱ्याने हस्तलिखिताचं पान उलटलं होतं आणि तो संकठा घाटाच्या पानावरून जुळवत गेला. नवं प्रूफ काढून त्याने नानांसमोर ठेवलं.

"आणि मी सही केली," नाना म्हणाले. "कुसुमने वाचलंय म्हटलं आणि न बघता सही केली."

दुसरं प्रूफही वाचायचं, हा नियम नानांनीच केलेला.

 मग सतीश म्हणाला, "नाना, पुढच्या अंकात दुरुस्ती टाकू. तीन महिन्यांनी. आत्ता कुणाच्या लक्षातही आलेलं नाही."

"के देखत हौ, नाना?" कोण बघतंय, असं रामधनीही म्हणाला.

"आज पत्रक छापायचं," नाना म्हणाले. "जिथे जिथे अंक गेला तिथे तिथे आजच्या टपालाने."

"अहो, पण मुलाखतवाल्यांनाही जाईल ते!" मी ओरडलेच. "त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नाही. पत्रक पाहून ते काय म्हणणार? आकड्यांत गडबड असलेला उमेदवार! चार दिवस, नाना. फक्त चार दिवस थांबा."

"चार दिवसांत कुणी त्या आकड्यांवर पुढचं काम सुरू केलं तर?"

"कोण करणार आहे हो? एवढी घाई कुणाला आहे?"

"कुसुम, लोक हा अंक का घेतात? कागद चांगला आहे म्हणून?"

सतीश उठून उभा राहिला. आवाज चढवला नाही त्याने. म्हणाला, "चूक तुमची, आणि फाशी मला," आणि जिना उतरून गेला. मला नानांचा इतका राग आला की दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. बोलले नाही, पण पत्ते मीच लिहिले.

पत्रकात खरा तक्ता होता. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत नानांनी स्वतः लिहिलं होतं, की लेखकाचे आकडे बरोबर होते, चूक छापखान्यात झाली, आणि ती पकडणं ज्याचं काम होतं त्या संपादकाने प्रूफ न वाचता सही केली. खाली पूर्ण नाव. या वेळी गुरुजींनी तक्ता दोनदा म्हटला.

जागा दुसऱ्याला गेली. पत्रकामुळे गेली की त्या दुसऱ्याच्या ओळखीमुळे, विश्वेश्वराला ठाऊक! सतीश यायचा बंद झाला. गल्लीत समोर आला तरी मान खाली घालून जायचा. नानांनी त्याचा विषय कधी काढला नाही. पण जिन्यात पाऊल वाजलं की ते दाराकडे बघायचे.

* * *

वर्ष झालं. पुन्हा तशीच जागा निघाली, सतीशने पुन्हा अर्ज केला, एवढं त्याच्या आईकडून कळलं होतं. त्याच्या नावावर अजून तोच एक पेपर.

एका दुपारी जिन्यात पावलं वाजली आणि सतीश दारात उभा! केस वाढलेले, हातात एकच कागद. मी आनंदाने खुर्ची सरकवली. तो बसला नाही. कागद नानांच्या टेबलावर ठेवला.

"काय आहे?" नानांनी विचारलं. आवाज नेहमीसारखा ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला.

"राजाघाटाचं. तिथे ऑक्सिजन कमी आहे असं मी पेपरात म्हटलं होतं. ते चूक आहे."

"आमच्याकडून पुन्हा काही...?"

"तुमचं नाही, माझं. होडी राजाघाटापासून निघायची. तिथल्या बाटल्या आधी भरायच्या, म्हणून पेटीत सगळ्यांत खाली जायच्या. कॉलेजात आल्यावर वरून एकेक काढून तपासायचो. राजाघाटाचं पाणी सगळ्यांत जास्त वेळ बाटलीत राहायचं, आणि तेवढ्या वेळात ऑक्सिजन कमी व्हायचा. या वर्षी ऑक्सिजन धरून ठेवणारं रसायन घाटावरच घालून पाहिलं. तिन्ही घाट सारखेच निघाले."

"हे परीक्षकांच्या कसं लक्षात आलं नाही?" मी विचारलं.

"पेपरात लिहिलंच नव्हतं मी, ताई. पेटीतून बाटल्या कुठल्या क्रमाने काढतो हे कोण लिहितं?"

नानांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग पालथा घालून त्याच्यावर हात ठेवला.

"सत्या, आणखी कुणी काढलीय का ही चूक?"

"नाही. कुणाला कळणंही कठीण आहे."

"मुलाखत कधी आहे?"

"सोमवारी."

नाना खिडकीकडे वळले.  मग माझ्याकडे न बघता, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मग असं कर... मुलाखत होऊन जाऊ दे. मंगळवारी छापू."

इतक्या वर्षांत असं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. रामधनी हातात चिमटा घेऊन दारात येऊन उभा राहिला होता.

सतीशने नानांचा हात उचलून बाजूला केला, त्याखालचा कागद काढून घेतला आणि सरळ रामधनीच्या हातात दिला.

"नाना, वय झालं तुमचं!" तो म्हणाला. "कुसुमताई, पत्ते लिहायला घ्या. टपाल चारला निघतं."